आधी महापालिकेचं पाणी मोजा

पाण्याचा जुना मीटर काढून त्या जागी दुरून रिडींग देणारा मीटर बसवायचा, हा विषय कोल्हापुरात निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एका बाजूचं म्हणणं असतं की लोक पाण्याने गाड्या आणि अंगणं धुतात, मोजल्याशिवाय शिस्त लागायची नाही. दुसरी बाजू म्हणते, ठेकेदाराचं भलं करायला आणखी एक यंत्र आमच्या दारात आणताय. माझं मत असं आहे की मीटर यावेत, आणि दुरून रिडींग देणारेच यावेत. मात्र कुठल्याही घराच्या दारातला मीटर बदलण्याआधी त्या भागाला पाणी सोडणाऱ्या टाकीच्या तोंडाला मीटर बसला पाहिजे आणि त्याचा आकडा दर महिन्याला नागरिकांना दिसला पाहिजे. हा क्रम उलटा झाला तर चांगल्या यंत्राचं मातेरं होईल, आणि त्याचा दोष लोकांवर ढकलला जाईल.

या मीटरने नेमकं काय बदलतं, ते आधी पाहू. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर, कुठल्याही जुन्या गल्लीत मीटर पाहायचा तर गुडघ्यावर बसावं लागतं. घराच्या पायरीला लागून फरशीचा तुकडा किंवा पत्रा टाकलेला असतो. तो उचलला की खाली ओल, चिखल, आणि त्यात पंधरा मिलिमीटरचा मीटर. काचेला आतून दव धरलेलं असतं. रिडर बोटाने वरची माती पुसतो, मोबाईलचा उजेड मारतो आणि मान वाकडी करून आकडे वाचतो. काळे आकडे हजार लिटरच्या युनिटचे, लाल आकडे त्याखालच्या लिटरचे. आतून धुरकट झालेली काच पुसता येत नाही. कुठे घराला कुलूप असतं, कुठे झाकणावरच मोटारसायकल उभी असते. मग रिडींग होत नाही आणि सरासरीने बिल निघतं.

हे सरासरी बिल पाणीपट्टीच्या किती भांडणांचं मूळ आहे, हे बिल भरण्याच्या खिडकीपाशी अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. चार-सहा महिने सरासरी लागते, नंतर एकदा खरं रिडींग मिळतं आणि साचलेला फरक एकाच बिलात येतो. जिथे वापर वाढेल तसा दर चढत जातो तिथे हा फरक वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. माणसाने पाणी सहा महिन्यांत मिळून वापरलेलं असतं, पण दर लागतो एका महिन्यात उधळल्यासारखा. मग अर्ज, चौकशी, हेलपाटे. दुरून रिडींग देणारा मीटर ही कटकट मुळातूनच संपवतो, आणि हा त्याचा पहिला खरा फायदा आहे.

यामागचं तंत्र अवघड नाही. मीटरमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ असतो. तो ठराविक वेळाने आकडा पाठवतो. काही पद्धतींत कर्मचारी हातात यंत्र घेऊन गल्लीतून चालत गेला की घरोघरचे आकडे त्यात येतात. काहींमध्ये पाण्याच्या टाकीवर किंवा खांबावर बसवलेलं केंद्र आकडे गोळा करतं, तर काहींमध्ये मोबाईलच्या जाळ्यातून आकडा थेट कार्यालयात जातो. आपल्याकडे यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची लहर विनापरवाना वापरता येते. या रेडिओच्या किरणांची भीती काही जण घालतात. ती मनातून काढून टाकावी. हा रेडिओ दिवसातून काही क्षणच चालू असतो, आणि आपण खिशात बाळगतो त्या मोबाईलच्या मानाने त्याची ताकद फार थोडी आहे.

आता लोकांच्या खऱ्या शंकेकडे येऊ. नवा मीटर बसला की बिल वाढतं, असं लोक म्हणतात. ते खरं आहे, आणि महापालिकेने ते लपवू नये. यांत्रिक मीटर झिजतो तसा कमी मोजू लागतो. शिवाय आपल्याकडे वापरात असलेल्या साध्या घरगुती मीटरची एक मर्यादा आहे. तासाला साधारण ३० लिटरपेक्षा बारीक धार असेल तर ती अचूक मोजण्याची हमी तो देत नाही. छतावरच्या टाकीत बॉल कॉक असतो. टाकी भरत आली की धार बारीक होत जाते आणि तेवढं पाणी मीटरला न कळता वर चढतं. संडासाच्या फ्लशमधून तासाला दहा लिटर झिरपत असेल तर दिवसाचे २४० लिटर होतात, महिन्याचे ७,२०० लिटर. पाच माणसांच्या घराला केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे माणशी १३५ लिटर धरले तर महिन्याला २०,२५० लिटर लागतात. म्हणजे एका गळक्या फ्लशमध्ये त्या कुटुंबाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी जातं. ते आजवर कोणाच्या बिलात आलं नसेल. फिरत्या चक्राऐवजी पाण्यातून ध्वनिलहरी सोडून प्रवाह मोजणारा नवा मीटर ते पकडणार.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की नवा मीटर बसल्यावर निदान दोन बिलांपर्यंत पैसे जुन्या हिशेबानेच घ्यावेत, आणि नव्या मीटरचं बिल किती झालं असतं ते सोबत छापून द्यावं. तेवढ्या काळात माणूस प्लंबर बोलावून फ्लश दुरुस्त करेल, बॉल कॉक बदलेल. रात्री दोन ते चारच्या दरम्यान या घरात पाणी सतत चालू आहे, बहुधा गळती आहे, असा निरोप मोबाईलवर पाठवणं या मीटरला सहज जमतं. ही सोय बिलाआधी सुरू झाली पाहिजे. पहिला निरोप गळतीचा आला तर लोक त्या मीटरला आपलं मानतील. पहिला निरोप दुप्पट बिलाचा आला, तर पुढे कितीही समजावलं तरी कोणी ऐकणार नाही.

दुसरी शंका हवेची. ज्या भागात दिवसातले काही तासच पाणी येतं तिथे बाकी वेळ नळवाहिनी रिकामी असते. पाणी सोडलं की ते आधी आतली हवा पुढे ढकलतं. नळ फुसफुसतो, थुंकल्यासारखे दोन-चार शिंतोडे येतात आणि मग धार लागते. त्या फुसफुसण्याच्या वेळी मीटरचं झाकण उघडून पाहा. काचेखालचं लाल चक्र गरगर फिरत असतं. पाण्याचा थेंब घरात आलेला नसतो आणि आकडा पुढे सरकलेला असतो. वरच्या अंगाला किंवा नळवाहिनीच्या शेवटाला असलेल्या घरांना हा त्रास जास्त. लोक सांगतात त्यात तथ्य आहे, ती अडाण्यांची तक्रार नाही. ध्वनिलहरींचा चांगला मीटर नळी रिकामी आहे हे ओळखतो आणि मोजणी थांबवतो. पण दुरून रिडींग देणारा प्रत्येक मीटर ध्वनिलहरींचा नसतो. जुन्याच पद्धतीच्या चक्राच्या मीटरवर रेडिओ चिकटवूनही तो दूरवाचनाचा म्हणून विकता येतो, आणि तो स्वस्तही पडतो. निविदा कोणत्या मीटरची निघते, यावर नागरिकांच्या प्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. खंडित पाणीपुरवठ्याच्या शहरात हवा मोजणारा मीटर बसवून त्याला आधुनिक म्हणणं ही नागरिकाची फसवणूक होईल.

आणि आता मूळ मुद्दा. पाणी उपसा केंद्रातून निघतं, शुद्धीकरण केंद्रात येतं, टाक्यांत चढतं, तिथून गल्लीत उतरतं. मोजणी फक्त शेवटच्या टोकाला, नागरिकाच्या दारात झाली, तर मधल्या वाटेत किती पाणी जमिनीत मुरलं ते कोणाला कळणार? केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली शहरांच्या सेवांचे निकष ठरवून दिले. त्यात सगळ्या जोडण्यांना मीटर असावा असं आहे, तसंच ज्याचा पैसा मिळत नाही असं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असंही आहे. पहिला निकष नागरिकाला लागू होतो, दुसरा महापालिकेला. मीटर बदलण्याच्या योजनेत पहिल्याचा गजर होतो आणि दुसऱ्याचा उल्लेख अहवालाच्या मागच्या पानावर राहतो.

ज्याचा पैसा मिळत नाही ते पाणी दोन जातींचं. एक घरापर्यंत पोहोचतं पण मोजलं जात नाही. मंद मीटर, बंद मीटर, चोरून घेतलेली जोडणी हे सगळं यात येतं. दुसरं घरापर्यंत पोहोचतच नाही, ते रस्त्याखाली फुटक्या वाहिनीतून, सैल सांध्यातून, सडलेल्या फेरूलमधून, म्हणजे वाहिनीला घराची जोडणी लागते त्या तुकड्यातून जातं. घरचे मीटर बदलले की पहिल्या जातीचं पाणी बिलात येतं, महापालिकेचं उत्पन्न वाढतं आणि कागदावर गळती कमी झालेली दिसते. दुसऱ्या जातीचं पाणी होतं तसंच मुरत राहतं. उत्पन्न वाढल्यावर ते शोधण्याची निकडही कमी होते. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

कोल्हापूरच्या बाबतीत ही भीती पोकळ नाही. शिंगणापूर योजनेच्या गळतीची चर्चा या शहराने वर्षानुवर्षं ऐकली. त्यानंतर काळम्मावाडी धरणाहून थेट पाईपलाईन आणण्यासाठी किती आंदोलनं झाली, किती निवडणुका त्या एका आश्वासनावर लढल्या गेल्या. अखेर २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहराजवळ पुईखडीला पोहोचलं. त्रेपन्न किलोमीटरवरून येणारं हे पाणी आहे. धरणाशी मोटारी लावून उचललेलं, वीज जाळून आणलेलं, शुद्ध केलेलं. त्यातला प्रत्येक लिटर पुईखडीपासून घरापर्यंत येताना हरवला तर त्यावर झालेला सगळा खर्चही हरवतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. माणशी १३५ लिटरने दिवसाला ७ कोटी ४० लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. आज वस्ती वाढली आहे, तेवढी वाढ धरा. शाळा, दवाखाने, हॉटेलं, अंबाबाईच्या दर्शनाला येणारे भाविक यांचंही धरा. तरीही रोज उपसलेलं पाणी आणि रोज पोहोचलेलं पाणी यांचा ताळा जाहीरपणे मांडला गेला पाहिजे. भागाभागाने आणि दर महिन्याला.

दुरून रिडींग देणाऱ्या मीटरचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आज रिडर एका टोकापासून सुरू करतो आणि भाग संपायला कितीतरी दिवस जातात. पहिल्या घराचं रिडींग एका तारखेचं, शेवटच्या घराचं भलत्याच तारखेचं. त्यांची बेरीज करून टाकीतून सुटलेल्या पाण्याशी ताडून पाहायची म्हटलं तरी ती जुळत नाही, कारण दोन्ही आकडे एका दिवसाचे नसतात. नव्या पद्धतीत एका भागातल्या सगळ्या घरांचे आकडे एकाच वेळी मिळतात. टाकीच्या तोंडाचा मीटर त्याच वेळी वाचला की वजाबाकी करायला शाळेतला पोरगाही पुरे. अमुक टाकीतून दिवसात दहा लाख लिटर गेले, घरांत सहा लाख पोहोचले, चार लाख कुठे गेले? हा प्रश्न विचारण्याची ताकद हे यंत्र देतं. पण त्यासाठी टाकीच्या तोंडाला मीटर हवा, आणि तो भाग शेजारच्या भागापासून व्हॉल्व्ह लावून वेगळा केलेला हवा. नाहीतर घरोघरचे हजारो आकडे केवळ बिल छापायच्या कामाचे.

गळतीचा प्रश्न पैशापुरता नाही. पाणी बंद असताना वाहिनीत दाब नसतो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जातं त्याच भोकातून गटाराचं पाणी आत येतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. दूषित पाण्याची किंमत काय असते हे या जिल्ह्याला बाहेरून कोणी सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि गळ्यापर्यंत पाणी असलेल्या शहरात प्यायच्या पाण्यासाठी टँकरपुढे रांगा लागल्या. त्यानंतर तरी वाहिन्यांचं आरोग्य हा पहिला विषय व्हायला हवा होता.

मीटर लोकांनी स्वीकारले अशी उदाहरणं आहेत, तीही आपल्या शेजारची. कराडजवळच्या मलकापूरने, शाहूवाडीतल्या नव्हे, २००९ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू केली. दुरून वाचता येणारे मीटर आणि वापरानुसार चढणारा दर त्यासोबत आला. लोकांनी तो मान्य केला, कारण नळाला दिवसरात्र दाबाने पाणी होतं. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या काही प्रभागांतही २००८ च्या सुमारास असंच झालं. पाणी चोवीस तास असलं की हवेची तक्रार उरत नाही, वाहिनीत गटार शिरत नाही, मोटार लावून शेजाऱ्याचं पाणी ओढण्याची गरज उरत नाही. पुण्यात मात्र चोवीस तासांचं पाणी मागे राहिलं, मीटर पुढे गेले, आणि ते बसवतानाच ठिकठिकाणी विरोध झाला. पुणेकर काही कोल्हापूरकरांहून भांडखोर नाहीत. फरक पडला तो क्रमाने.

कोल्हापुरात दराचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे, आणि तो पेठांच्या रचनेशी जोडलेला आहे. जुन्या वाड्यात वाटण्या होऊन चुली पाच झाल्या तरी नळाची जोडणी एकच राहते, आजोबांच्या नावावरची. पाच चुलींची बावीस माणसं धरा. माणशी १३५ लिटरने महिन्याला ८९ हजार लिटर होतात. ताराबाई पार्कातल्या बंगल्यात दोनच माणसं राहतात असं धरा, बागेसकट माणशी तीनशे लिटर वापरतात, तरी महिन्याला १८ हजार लिटरच. चढत्या दरात वाडा सगळ्यात महाग टप्प्यात जाईल आणि बंगला सगळ्यात स्वस्त टप्प्यात राहील. माणशी दुपटीहून जास्त पाणी वापरणाऱ्याला सवलत आणि निकषाएवढंच वापरणाऱ्याला दंड! आजवर मंद मीटर आणि सरासरी बिलं यांनी हा अन्याय झाकून ठेवला. अचूक मीटर तो लिटरसकट उघड्यावर आणेल. म्हणून एका मीटरमागे किती चुली आहेत ते रेशनकार्डावरून नोंदवून तेवढ्या पटीत टप्पे वाढवून द्यावेत. हे काम मीटर बसवायच्या सर्वेक्षणातच होऊ शकतं, कारण त्या वेळी माणूस दारात आलेलाच असतो. वाड्यातल्या भाडेकरूंचीही नोंद त्यात हवी, कारण वाढलेलं बिल घरमालक त्यांच्याकडूनच वसूल करणार.

याहून गंभीर गोष्ट एक. अशा मीटरमध्ये व्हॉल्व्ह बसवता येतो आणि कार्यालयात बसून एखाद्याचं पाणी बंद करता येतं. पुढे मोबाईलच्या रिचार्जसारखे आधी पैसे, मग पाणी अशीही सोय करता येते. विजेच्या स्मार्ट मीटरवरून राज्यात जे झालं ते लोक विसरलेले नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं सरकारने जाहीर केलं, आणि नंतर टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणाऱ्या मीटरच्या नावाने बदल सुरू झाले. तो अविश्वास पाण्याच्या मीटरपर्यंत येणारच. ब्रिटनमध्ये आधी पैसे घेऊन पाणी देणारी यंत्रं १९९८ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवली, आणि थकबाकीसाठी घराचं पाणी तोडण्यावर १९९९ च्या कायद्याने बंदी आली. खाजगी कंपन्यांच्या हाती पाणी दिलेल्या देशाने हे केलं. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं ते पाणी सगळ्यांचं म्हणून. त्यांच्या शहरात घरगुती मीटरला दुरून बंद होणारा व्हॉल्व्ह असता कामा नये. थकबाकी घरफाळ्यासारखी वसूल करा, हप्ते बांधून द्या, नोटीस द्या, पण लेकराबाळांच्या घरातलं पाणी संगणकाच्या एका बटणावर ठेवू नका. हे महासभेच्या ठरावात स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर ते सोडता येणार नाही.

खासगीपणाबद्दल थोडक्यात. तासातासाचा वापर कळला की घरात माणसं आहेत की सगळे गावाला गेलेत हेही कळतं. बिलासाठी महिन्याचा एक आकडा पुरतो आणि भागाच्या ताळ्याला दिवसाचा एक. त्याहून बारीक नोंद फक्त घरमालकाला दिसावी. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आता आहे, त्याला धरून करारात लिहून घ्यावं की हे आकडे महापालिकेचे आणि नागरिकाचे आहेत, ठेकेदाराचे नाहीत.

ठेक्याबद्दल मात्र थोडक्यात भागणार नाही, कारण अशा योजना बहुतेक वेळा तिथेच फसतात. मीटर बसवल्याचे पैसे दिले की ठेकेदाराचं काम संपतं आणि दोन वर्षांनी निम्मे मीटर मुके होतात. पैसे मीटर बसवल्याचे देऊ नयेत, महिन्याला किती मीटरचं रिडींग आलं त्यावर द्यावेत, आणि तेही निदान सात-आठ वर्षांत विभागून. बॅटरी दहाएक वर्षं चालते असं कंपन्या सांगतात. त्याआधी संपली तर खर्च कोणाचा, हे आधीच लिहून घ्यावं. एकाच कंपनीच्या यंत्रावर वाचता येणारे आकडे घेतले तर पुढची वीस वर्षं तिच्याच दारात उभं राहावं लागेल, म्हणून कोणत्याही कंपनीला वाचता येईल अशी खुली पद्धत हवी. मीटर पितळी असेल तर भंगारवाला तो नेणार. मुंबई-पुण्यापासून सगळीकडे पितळी मीटर चोरीला जातात. म्हणून अंग टिकाऊ प्लास्टिकचं हवं. शुक्रवार पेठ, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्काच्या सखल भागात पावसाळ्यात मीटरचा खड्डा भरतो, आणि पाण्याखालून रेडिओची लहर बाहेर येत नाही. तिथे मीटर पुराच्या रेषेवर भिंतीला लावायचा की खड्ड्यातच ठेवायचा, हा निर्णय मुंबईच्या सल्लागाराने घेऊ नये. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा, कुठल्या गल्लीत किती पाणी चढतं ते त्याला तोंडपाठ असतं.

तपासणीचा हक्कही करारातच हवा. पेट्रोल पंपावर शंका आली तर आपण पाच लिटरचं माप मागू शकतो आणि पंपवाल्याला ते दाखवावं लागतं. पाण्याच्या मीटरला तशीच सोय पाहिजे. नागरिकाने अर्ज केला की महापालिकेच्या माणसाने दारात येऊन मोजलेल्या मापात पाणी घेऊन आकडा ताडून दाखवावा. मीटर जास्त मोजत असेल तर मागचे पैसे परत, बरोबर निघाला तर तपासणीची माफक फी. मीटरवर आकड्याची पट्टी उघडी असलीच पाहिजे. रेडिओ आहे म्हणून पट्टी नाही, असला मीटर नको. कार्यालयाला जो आकडा दिसतो तोच माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दारात वाचता आला पाहिजे.

रिडरांचं काय, हा प्रश्नही खरा आहे. वर्षानुवर्षं गल्ल्या तुडवणारी ही माणसं आहेत. कुठे रस्त्यावर सतत ओल असते, कुठल्या घराचं रिडींग वर्षभर शून्य येतं आणि तरी तुळशीला पाणी असतं, हे त्यांना माहीत आहे. दूरवाचन आल्यावर या माणसांना गळती शोधायच्या पथकांत घ्यावं. जमिनीखालच्या पाण्याचा आवाज ऐकण्याची यंत्रं फार महाग नाहीत आणि ती चालवायला शिकवता येतं. ज्या भागात टाकीचा आणि घरांचा ताळा जुळत नाही तिथे रात्री फिरून भोक कुठे आहे ते सांगणारी माणसं लागतील, आणि ती आयती आपल्याकडे आहेत.

टोलच्या लढ्यात कोल्हापूरने आंधळा विरोध केला नव्हता. रस्त्यांचं काम किती झालं, त्याची किंमत किती, ते पुन्हा मोजा, अशी मागणी होती, आणि शेवटी टोल गेला. पाण्याच्या मीटरबाबतही हे शहर हिशेब मागेल. तो आधीच मांडला तर विरोध निम्म्याने कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात लहान करावी. दोन टाक्यांचे भाग निवडावेत. सोप्या, सरळ रस्त्यांच्या कॉलन्या घेऊन यश दाखवणं सोपं आहे, म्हणून त्या नकोत. एक भाग वाड्यांचा आणि दाटीवाटीचा घ्यावा, एक पूरपट्ट्यातला. आधी टाक्यांना मीटर, मग भाग वेगळा करणं, मग गळती दुरुस्ती, आणि मग घरोघरचे मीटर. पहिल्या दिवसापासून दोन्ही भागांचे आकडे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागावेत: टाकीतून किती सुटलं, घरांत किती पोहोचलं, मधे किती गेलं, किती गळत्या सापडल्या, किती बुजवल्या. असं एक पूर्ण वर्ष, मधल्या पावसाळ्यासकट. ते आकडे पाहून बाकीच्या शहराच्या निविदेचा मसुदा लिहावा, आणि तो महासभेपुढे जाण्याआधी महिनाभर तालमींत, सोसायट्यांत, महिला मंडळांत वाचायला द्यावा.